लव्हिंग काऊंटी, टेक्सास: लोकसंख्या ६४, जमिनीखाली तेलाचा साठा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत टेक्सासमधल्या लव्हिंग काऊंटीची लोकसंख्या ६४ नोंदली गेली. आपल्याकडे एखाद्या चाळीच्या एका मजल्यावर एवढी माणसं राहतात. याच काऊंटीच्या जमिनीतून दर वर्षी अब्जावधी डॉलरचं तेल आणि नैसर्गिक वायू बाहेर निघतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ऐकणारा हमखास काहीतरी विचारतो. लोकसंख्येच्या आकड्यांविषयी बोलताना मी हे उदाहरण नेहमी देतो, त्यामुळे प्रश्नही तेच तेच येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

काऊंटी म्हणजे जिल्हा की तालुका?

आकाराने बहुतेक वेळा तालुका, अधिकाराने जिल्ह्याच्या जवळ. एकट्या टेक्सासमध्ये २५४ काऊंट्या आहेत आणि साऱ्या देशात तीन हजारांवर. पण आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा वरून नेमलेला अधिकारी तिथे नसतो. टेक्सासमध्ये काऊंटी जज, चार कमिशनर, शेरीफ (पोलीसप्रमुख), क्लार्क ही सगळी पदं मतदानाने भरतात. 'जज' नाव असलं तरी त्याचं मुख्य काम काऊंटीचा कारभार पाहणं हे असतं. कर बसवणं, रस्ते, तुरुंग, निवडणुका, जमिनीची दप्तरं हे सगळं काऊंटीकडे. म्हणजे लोक ६४ असोत की ४० लाख, पदांची यादी साधारण तीच.

ही काऊंटी आहे कुठे, आणि केवढी?

टेक्सासच्या पश्चिम टोकाकडे, न्यू मेक्सिकोच्या हद्दीला लागून. पश्चिमेला पेकोस नदी, नदीपलीकडे रीव्ह्ज काऊंटी, पूर्वेला विंकलर. क्षेत्रफळ सुमारे १,७५० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळजवळ तिप्पट. मुंबईत २०११ च्या जनगणनेत १ कोटी २४ लाख माणसं होती. लव्हिंगमध्ये हिशोब उलटा करावा लागतो, दर चौरस किलोमीटरला किती माणसं हे विचारून उपयोग नाही. एका माणसामागे २७ चौरस किलोमीटर येतात.

वस्ती म्हणावी असं ठिकाण एकच, मेंटोन. तेच मुख्यालय. २०१० मध्ये तिथे १९ माणसं नोंदली होती. १९३५ साली बांधलेलं काऊंटीचं कोर्ट आजही तिथे उभं आहे. बाकी मैलोन्‌मैल सपाट, कोरडी जमीन, खुरटी झुडपं आणि मेस्किट. हे मेस्किट म्हणजे आपल्याकडे माळरानावर माजलेल्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड, एकाच कुळातलं. सोलापूर-मराठवाड्याकडच्या माणसाला तिथल्या काही जागांचे फोटो ओळखीचे वाटतील ते त्यामुळे.

'लव्हिंग' हे नाव प्रेमावरून पडलं का?

नाही. ऑलिव्हर लव्हिंग हा गुरांचे कळप हाकून दूरच्या बाजारात नेणारा व्यापारी होता. १८६६ मध्ये त्याने चार्ल्स गुडनाइटबरोबर टेक्सासमधून पेकोस नदीच्या काठाने न्यू मेक्सिकोकडे जाणारी वाट रुळवली. पुढच्याच वर्षी नदीकाठी कोमांची या मूळ अमेरिकी जमातीच्या योद्ध्यांशी झालेल्या चकमकीत तो जखमी झाला आणि फोर्ट समनर इथे वारला. त्याचं आडनाव काऊंटीला दिलं.

६४ हा आकडा खरा मानायचा का?

साधारण तेवढी माणसं, एवढं खरं मानावं. नेमकी चौसष्ट, असं शपथेवर सांगू नये. याचं कारण बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेत जनगणनेला दिलेली माहिती गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. पण जिथे साठ-सत्तर माणसंच राहतात तिथे नाव लपवून काय होणार? 'वय ७० च्या पुढे, एकटी राहणारी स्त्री' एवढं लिहिलं तरी शेजारी ओळखतील. म्हणून २०२० मध्ये जनगणना विभागाने जाहीर करायच्या आकड्यांत गणिती पद्धतीने थोडी मुद्दाम ढवळाढवळ केली. कुठे दोन-चार माणसं वाढवली, कुठे कमी केली. राज्याची एकूण लोकसंख्या तेवढी जशीच्या तशी ठेवली, त्याखालच्या पातळ्यांवर मात्र ही ढवळाढवळ आहे. लाखोंच्या काऊंटीत चार-दोन माणसांनी काही बिघडत नाही. लव्हिंगमध्ये बिघडतं. इथे एक घर म्हणजे मोठा टक्का आहे.

मला स्वतःला हा निर्णय पटतो. छोट्या जागेतल्या माणसालाही खाजगीपणाचा तेवढाच हक्क आहे. फक्त आकडा वापरणाऱ्याने त्याच्या कडा धूसर आहेत हे लक्षात ठेवून तो वापरावा.

आधीपासूनच इतकी कमी माणसं होती?

नाही, आणि ही चढउतार पाहण्यासारखी आहे. १८९० मध्ये ३. होय, तीन. १९०० मध्ये ३३, १९१० मध्ये २४९. मग दुष्काळ आणि कसायला नकार देणारी जमीन, त्यामुळे १९२० मध्ये ८२. तेल सापडल्यावर १९३० मध्ये १९५ आणि १९४० मध्ये २८५. जनगणनेतला हाच सगळ्यात मोठा आकडा. त्यानंतर १९५० मध्ये २२७, १९६० मध्ये २२६, १९७० मध्ये १६४, १९८० मध्ये ९१. पुढे १०७, ६७, ८२ आणि ६४.

शेवटच्या तीन आकड्यांची टक्केवारी काढून पाहा. २००० ते २०१० या काळात लोकसंख्या २२ टक्क्यांनी वाढली. पुढच्या दहा वर्षांत २२ टक्क्यांनी घटली. देशातल्या काऊंट्यांच्या टक्केवारीच्या यादीत ही काऊंटी आधी 'झपाट्याने वाढणारी' दिसते, नंतर 'ओस पडणारी'. प्रत्यक्षात काय झालं? आधी पंधरा माणसं वाढली, मग अठरा कमी झाली. तीन-चार कुटुंबांची ये-जा. एखाद्या घरातली मुलं शिकायला बाहेर गेली, एक म्हातारं जोडपं मुलीकडे राहायला गेलं, की झाला दशकाचा 'कल'.

मग ही अमेरिकेतली सगळ्यात कमी लोकसंख्येची काऊंटी का?

हो. हवाईमधली कालावाओ काऊंटी तिच्या जवळ येते, तिथे २०२० मध्ये ८२ जण होते. कालावाओची गोष्ट अगदी वेगळी आहे. मोलोकाई बेटाच्या त्या तुकड्यावर कुष्ठरोग्यांना सक्तीने नेऊन ठेवत असत. टेक्सासमध्येच पाहायचं तर किंग काऊंटी २६५ आणि केनेडी ३५०. पेकोस नदी ओलांडून रीव्ह्ज काऊंटीत गेलं की आकडा १४ हजारांच्या वर जातो.

काऊंटीची सुरुवात घोटाळ्याने झाली असं वाचलं. खरं आहे?

खरं आहे. टेक्सासच्या विधिमंडळाने १८८७ मध्ये नकाशावर ही काऊंटी आखली, पण कारभार सुरू व्हायला स्थानिक मतदारांचा अर्ज आणि निवडणूक लागते. १८९३ मध्ये डेन्व्हरहून आलेल्या काही मंडळींनी ते जुळवून आणलं. पेकोसचं पाणी कालव्याने आणून शेती फुलवायची, जमिनी विकायच्या, असा त्यांचा बेत होता. अर्जावर दीडशे सह्या होत्या. तीन वर्षांपूर्वीच्या जनगणनेत तिथे तीन माणसं होती हे आठवा. काऊंटी उभी राहिली, कर्ज उचललं गेलं, कालवा काही झाला नाही आणि ही मंडळी दप्तरासकट पसार झाली. १८९७ मध्ये राज्याने काऊंटी मोडीत काढून रीव्ह्जला जोडली.

दुसऱ्यांदा ती उभी राहिली १९३१ मध्ये, तेल सापडल्यानंतर. टेक्सासच्या २५४ काऊंट्यांमध्ये कारभार सुरू होणारी ही शेवटची, आणि दोनदा स्थापन झालेली एकमेव. आजचं मेंटोन हे गावही त्या दुसऱ्या वेळचं. पहिलं मेंटोन उत्तरेला होतं, ते नामशेष झालं.

लोक तिथे राहत का नाहीत?

पाणी. वर्षाला साधारण २५ सेंटिमीटर पाऊस. आपल्या माणदेशातसुद्धा याच्या दुपटीच्या आसपास पडतो. पेकोस नदी वाहते खरी, पण वाटेत तिच्यात मिठाचे झरे मिसळतात, पाणी पिण्याच्या लायकीचं राहत नाही. १९३६ मध्ये नदीवर रेड ब्लफ धरण झालं, त्याचं पाणीही खारंच, आणि ते खालच्या काऊंट्यांच्या सिंचनासाठी. १९८० च्या दशकापर्यंत मेंटोनमध्ये पिण्याचं पाणी टँकरने येत होतं. पायाखाली तेल आणि हंड्यात टँकरचं पाणी, अशी दोन पिढ्यांची गत.

मग येते जमिनीची मालकी. इथली जमीन मोठ्या रँचच्या (गुरं पाळण्याच्या विस्तीर्ण कुरणांच्या), काही कंपन्यांच्या आणि राज्य विद्यापीठ निधीच्या नावावर आहे. घर बांधायला दोन गुंठे विकत घ्यावे म्हटलं तर विकणारा शोधावा लागतो. ज्याला नोकरी आहे तोसुद्धा घर करतो पेकोस (नदीच्याच नावाचं गाव), कर्मिट किंवा ओडेसामध्ये. तिथे शाळा आहे, दवाखाना आहे, शेजार आहे.

शेती होते का?

जवळजवळ नाही. गुरं आहेत, पण गवत इतकं विरळ की एका गाईमागे कित्येक एकर लागतात.

मग पैसा येतो कुठून?

लव्हिंग काऊंटी पर्मियन खोऱ्याच्या, म्हणजे पश्चिम टेक्सास आणि न्यू मेक्सिकोत पसरलेल्या मोठ्या तेलक्षेत्राच्या, पश्चिम भागात येते. या भागाला डेलावेअर खोरं म्हणतात. इथे १९२१ मध्ये पहिलं तेल लागलं. पुढची ऐंशी-नव्वद वर्षं धंदा चढउतारात चालू राहिला. २०१० नंतर चित्रच पालटलं.

जुन्या पद्धतीत सरळ खाली भोक पाडायचं आणि जिथे तेल साचलंय तिथून उपसायचं. इथलं बरंचसं तेल मात्र घट्ट खडकाच्या थरांत जिरलेलं आहे. नव्या पद्धतीत तीनेक किलोमीटर खाली जाऊन ड्रिल आडवं वळवतात, थरातून पुढे तीन किलोमीटर किंवा त्याहूनही लांब नेतात, आणि मग पाणी, वाळू, रसायनं प्रचंड दाबाने आत सोडून खडक तडकवतात. हे फ्रॅकिंग. तड्यांमधून तेल वाहतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने २०१८ मध्ये डेलावेअर खोऱ्यातल्या दोन थरांत, वुल्फकॅम्प आणि बोन स्प्रिंगमध्ये, काढता येण्याजोगं ४६.३ अब्ज बॅरल तेल असल्याचा अंदाज दिला. त्या खात्याने तोपर्यंत दिलेल्या अशा अंदाजांत हा सर्वांत मोठा होता. आज अमेरिकेच्या कच्च्या तेलापैकी ४० टक्क्यांहून अधिक पर्मियन खोऱ्यातून येतं आणि लव्हिंग त्याच्या गाभ्यात आहे.

अर्थव्यवस्थेचं वर्णन एका वाक्यात करायचं तर: तेल, तेलासाठी लागणारी वाहतूक, आणि तेलाच्या करावर चालणारं काऊंटी सरकार. बाकी फारसं काही नाही.

तेलाचा पैसा कुणाच्या खिशात जातो?

याचं उत्तर कळायला एक फरक लक्षात घ्यावा लागेल. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याच्या शेतात तेल लागलं तर त्याची रॉयल्टी त्याला मिळत नाही, ती सरकारकडे जाते. टेक्सासमध्ये जमिनीखालचं खनिज हे खाजगी मालकीचं असू शकतं. शिवाय ते वरच्या जमिनीपासून वेगळं काढून विकता येतं, वारसांत वाटता येतं. पणजोबांनी १९४० मध्ये जमीन विकताना खनिजाचा हक्क राखून ठेवला असेल, तर आज कॅलिफोर्नियात बसलेल्या पणतीला दर महिन्याला रॉयल्टीचा चेक जातो. तिने लव्हिंग काऊंटी डोळ्यांनी पाहिलेली नसते. उलट, वर गुरं चारणाऱ्या माणसाकडे खनिजाचा हक्क नसेल तर त्याच्या कुरणातून रस्ते जातात, विहिरी खोदल्या जातात आणि त्याला नुकसानभरपाईवर समाधान मानावं लागतं. कायद्यात खनिजाच्या मालकाचं पारडं जड आहे.

तर वाटणी अशी: मोठा हिस्सा तेल कंपन्यांना आणि त्यांच्या भागधारकांना. रॉयल्टी खनिजाच्या मालकांना, ज्यांतले बहुतेक इथे राहत नाहीत. राज्याला उत्पादन कर, तेलावर ४.६ टक्के आणि वायूवर ७.५ टक्के. विद्यापीठ निधीच्या जमिनीवरची रॉयल्टी टेक्सासच्या दोन मोठ्या सरकारी विद्यापीठ समूहांना. आणि काऊंटीला मालमत्ता कर. टेक्सासमध्ये व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा कर नाही, त्यामुळे स्थानिक संस्थांची भिस्त मालमत्ता करावर असते, आणि चालू विहिरीतलं तेल हीसुद्धा करपात्र मालमत्ता धरली जाते. म्हणून ६४ माणसांच्या काऊंटीची करपात्र मालमत्ता अब्जावधी डॉलरची निघते.

म्हणजे तिथला प्रत्येक माणूस कोट्यधीश?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि आकड्यांनी केलेली फसवणूक इथे सर्वांत मोठी आहे.

काऊंटीचं सकल उत्पादन भागिले लोकसंख्या केलं तर डोळे पांढरे होतील असा आकडा येतो. पण उत्पादन जिथे निघतं तिथे मोजलं जातं, आणि उत्पन्न जिथे माणूस राहतो तिथे. तेल लव्हिंगच्या खात्यात, नफा ह्यूस्टन किंवा न्यूयॉर्कच्या, मजुरी एखाद्या दूरच्या गावातल्या घरी. भागाकारात वरचा आकडा एका जगातला आणि खालचा दुसऱ्या जगातला. त्या भागाकाराला काहीही अर्थ नाही.

कुटुंबाच्या उत्पन्नाचे जे सरकारी अंदाज निघतात ते पाच वर्षांच्या नमुना पाहणीवर आधारलेले असतात. पाच वर्षांचा नमुना असूनही इथे हाताला लागतात मूठभर घरं. त्यामुळे त्या आकड्यासोबत छापलेली चुकण्याची मर्यादा, म्हणजे खरा आकडा किती वरखाली असू शकतो ती, कधी कधी आकड्याच्या बरोबरीची असते. 'अमेरिकेतल्या श्रीमंत काऊंट्या' किंवा 'गरिबी शून्य टक्के' अशा याद्या बनवणारे ती मर्यादा छापत नाहीत. रँचवाले, काऊंटीचे कर्मचारी, ट्रक चालवणारे, निवृत्त माणसं अशी ही वस्ती आहे. ज्यांच्या घरात खनिजाचा हक्क टिकला ते खूप सधन आहेत. बाकीचे पगारावर जगतात.

वंश, वय, शिक्षण यांची टक्केवारी का देत नाही?

कारण ती देऊन मी वाचकाची दिशाभूल करेन. गोरे आणि हिस्पॅनिक मिळून जवळपास सगळी वस्ती, एवढं सांगता येतं. त्यापुढे पाच जणांचं एक कुटुंब गाव सोडून गेलं तरी लोकसंख्या जवळजवळ आठ टक्क्यांनी उतरते, आणि वयोगटांची सगळी कोष्टकं बदलतात. त्यात वर सांगितलेली मुद्दाम केलेली ढवळाढवळ आहेच. शेती आणि उद्योगांच्या सरकारी तक्त्यांत तर कित्येक रकाने मुद्दामच झाकलेले असतात, कारण आकडा दिला तर तो कुठल्या एका मालकाचा हे लगेच कळेल.

तेलावर काम करणारे मग राहतात कुठे? ते ६४ मध्ये धरलेत का?

बहुतेक नाही. माझ्या मते हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो सर्वांत कमी वेळा विचारला जातो.

जनगणनेचा नियम असा: माणूस बहुतेक काळ जिथे राहतो आणि झोपतो तिथे त्याची नोंद. रिगवरचे, म्हणजे तेलविहिरी खोदणाऱ्या यंत्रांवरचे, कामगार पाळीने येतात, दोन आठवडे काम, मग घरी. कुणी पूर्व टेक्सासचे, कुणी लुईझियाना-ओक्लाहोमाचे, कुणी मेक्सिकोच्या सीमेलगतच्या गावांतले. त्यांच्यासाठी माळावर तात्पुरत्या खोल्यांच्या वसाहती उभ्या असतात. त्यांना मॅन कॅम्प म्हणतात. पत्र्याच्या लांब रांगा, एका खोलीत एक-दोन खाटा, सामायिक भोजनघर, भोवती कुंपण. शिवाय ट्रकमागे ओढता येणारी फिरती घरं कुठेकुठे लावलेली. यांतला माणूस आपला पत्ता विचारल्यावर साहजिकच बायकामुलांचा पत्ता सांगतो. तिथेच त्याची नोंद होते. नियमाने ते बरोबर आहे.

परिणाम असा की काऊंटीच्या पाण्यावर, रस्त्यांवर, शेरीफच्या खात्यावर आणि रुग्णवाहिकेवर ज्यांचा भार आहे ती माणसं तिच्या लोकसंख्येत नाहीत. मेंटोनमधून जाणाऱ्या ३०२ क्रमांकाच्या रस्त्यावर वाळूचे, पाण्याचे, पाइपांचे ट्रक एकामागे एक धावत असतात. दोन पदरी रस्ता, थकलेले चालक, जीवघेणे अपघात. त्या रस्त्यावर दगावलेल्या माणसाचा हिशोब काऊंटीच्या लोकसंख्येशी लावला तर काहीतरी भयंकर दर निघेल, आणि तोही निरर्थक. पण माणूस गेलेला असतो.

बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड कामगारांचं गणित पाहिलेल्याला हे नवीन वाटणार नाही. नाव एका गावात, घाम दुसऱ्या गावात. रिगवरच्या माणसाला पगार कितीतरी चांगला मिळतो, पण जिथे तो राबतो तिथे तो मोजला जात नाही, आणि तिथे त्याला मतही नाही.

आणखी एक गोष्ट. २०२० ची जनगणना १ एप्रिल या तारखेला धरून झाली. तेव्हा कोविडची साथ सुरू झाली होती आणि तेलाचे भाव कोसळत होते. २० एप्रिलला तर अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदा उणे ३७ डॉलरच्या खाली बंद झाला. तेलाच्या प्रदेशाचं कुठलंही चित्र त्या महिन्यात काढलं तर ते नेहमीचं चित्र नव्हे.

शाळा, दवाखाना?

शाळा १९७२ मध्ये बंद पडली. मुलं बसने शेजारच्या विंकलर काऊंटीत विंक गावी जातात, दोन्हीकडचा मिळून एक शाळा-जिल्हा (शाळा चालवणारी आणि त्यासाठी कर घेणारी स्थानिक संस्था) आहे. तेलामुळे तो इतका करसंपन्न आहे की राज्याच्या नियमानुसार जास्तीच्या कराचा मोठा वाटा गरीब शाळा-जिल्ह्यांसाठी द्यावा लागतो. या व्यवस्थेला तिथले लोक 'रॉबिनहूड' म्हणतात. दवाखाना नाही. आजारी पडलं की पेकोस किंवा कर्मिट, गंभीर असेल तर ओडेसा.

६४ माणसांच्या काऊंटीत ६६ मतं कशी पडली?

२०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत इथे ६६ मतं पडली, त्यांतली ६० ट्रम्प यांना आणि ४ बायडन यांना. मुलं वगळली तर मतदार ६४ पेक्षाही कमी हवेत. मग?

जनगणना विचारते, तू झोपतोस कुठे. मतदार यादी विचारते, तुझं कायमचं घर कुठलं, तू परत कुठे जाणार. ज्यांची वडिलोपार्जित जमीन इथे आहे पण जे कामासाठी दुसरीकडे राहतात ते आपलं नाव इथल्याच यादीत ठेवतात. हे कुठपर्यंत योग्य, यावरून काऊंटीत अनेकदा भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. जिथे सात-आठ मतांनी शेरीफ किंवा कमिशनर ठरतो आणि त्याच्या हाती तेलाच्या कराची तिजोरी असते, तिथे भांडण होणारच. बाहेरून येऊन, थोडी जमीन घेऊन काऊंटीची सत्ता ताब्यात घ्यायचा प्रयत्नही इथे झालेला आहे.

जाता जाता: टेक्सासमध्ये निवडून आलेली पहिली महिला शेरीफ याच काऊंटीची. एडना रीड क्लेटन डेवीज (Dewees), १९४५. एवढ्या लहान जागेचा राज्याच्या इतिहासात असा ठसा आहे, हे मला फार आवडतं.

एवढ्या माणसांसाठी वेगळी काऊंटी कशाला? शेजारच्या काऊंटीत विलीन का करत नाहीत?

एकदा केली होती, १८९७ मध्ये. १९३१ मध्ये ती वेगळी झाली, कारण तोवर तेल लागलं होतं आणि त्या तेलावरचा कर रीव्ह्जच्या खात्यात का जावा, असा साधा प्रश्न होता. आजही तेच आहे. माणसं कमी म्हणून विलीन करायचं म्हटलं तर पैशाचा मुद्दा आड येतो. इथल्या कुटुंबांना आपलं सरकार आपल्या हातात हवं आहे, आणि ते मला समजू शकतं. पण न्यायालयात ज्युरी नेमायची वेळ आली की अडचण उघडी पडते. आरोपीशी किंवा फिर्यादीशी नातं नाही, वैर नाही, असे बारा जण या वस्तीत कुठून आणायचे?

जमिनीला आणि पाण्याला या तेलाची काय किंमत मोजावी लागते?

मोठी. एका बॅरल तेलासोबत अनेकदा तीन किंवा त्याहून अधिक बॅरल खारं, दूषित पाणी वर येतं. ते पुन्हा खोल विहिरींत दाबून सोडतात. त्या दाबाने जुने भूभंग सरकतात. २६ मार्च २०२० रोजी मेंटोनच्या पश्चिमेला ५.० तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतर राज्याच्या रेलरोड कमिशनने शेजारच्या पट्ट्यात असं पाणी सोडण्यावर मर्यादा आणल्या. नाव रेल्वेचं असलं तरी टेक्सासमध्ये तेलाचं नियमन हेच कमिशन करतं. शिवाय वाहून न्यायला पाइप नसेल तर वायू जागेवर जाळून टाकतात. रात्री माळावर त्या ज्वाळा लांबपर्यंत दिसतात. आपल्याकडे एका सिलिंडरसाठी रांग लावलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते पाहवत नाही.

तिथे राहिलेल्या माणसांची नावं कुठे वाचायला मिळतात?

अमेरिकेत जनगणनेची मूळ पानं ७२ वर्षांनी खुली होतात. १९५० ची २०२२ मध्ये खुली झाली, त्यामुळे तेव्हाच्या २२७ जणांची नावं, वयं, कामधंदा कुणालाही पाहता येतो. १८९० मध्ये तिघांनी इथे आपलं नाव सांगितलं, पण त्या वर्षीची देशभरची जवळजवळ सगळी पानं १९२१ च्या आगीत आणि नंतर सरकारनेच लावलेल्या विल्हेवाटीत नष्ट झाली. १९६० ची पानं २०३२ मध्ये उघडतील, २०२० ची २०९२ मध्ये. त्यांत ढवळाढवळ नसेल, तेव्हा ६४ चा नेमका आकडाही कळेल. रिगवरच्या माणसांची नावं मात्र लव्हिंगच्या पानावर शोधू नका. ती लुईझियानाच्या, ओक्लाहोमाच्या, सीमेलगतच्या गावांच्या पानांवर असतील.